मॉनिटर जुना घ्यावा की नवा? आधी अनुस्वार दिसतो का ते बघा

सहा वर्षांपूर्वी एका लग्नपत्रिकेत माझ्या हातून ‘सर्वांनी’चं ‘सर्वानी’ झालं. पत्रिका छापून आल्या, मुलीच्या आजोबांनी एक उचलली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. ते निवृत्त शिक्षक. चारशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या आणि तो खर्च मी सोसला. घरी येऊन तीच फाइल उघडली, तर रफार आणि अनुस्वार यांच्या जागी स्क्रीनवर एकच काळा ठिपका दिसत होता. डोळे ताणून पाहिलं तरी अनुस्वार आहे की नाही ते कळेना. आणि मॉनिटर काही जुना नव्हता. दीड वर्षापूर्वीच नवा कोरा घेतलेला, साडेअठरा इंची.

मी घरून डीटीपी (छपाईसाठी पानं टाइप करून मांडणं) आणि मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसातले आठ तास स्क्रीनवर मराठी वाचण्यात जातात. त्या पत्रिकेनंतर मॉनिटरचा विषय मी मनावर घेतला आणि आता ओळखीतलं कुणीही मॉनिटर घ्यायला निघालं की फोन येतो, ‘कंपनीतून निघालेला जुना स्वस्तात मिळतोय, घेऊ का? की सरळ नवाच घेऊ?’ जुना की नवा हे सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं. आधी उंची, मग पिक्सेल (चित्र ज्यांनी बनतं ते ठिपके), मग पॅनेल (पडद्याचा प्रकार), मग मागचा दिवा. या चार गोष्टी नीट पाहिल्या की उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

सुरुवात मोजपट्टीपासून

मॉनिटरचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. इथेच बहुतेकांची फसगत होते. जुने १७ आणि १९ इंची एलसीडी चौकोनी, म्हणजे रुंदी आणि उंची पाचास चार अशा प्रमाणात. नवे सोळास नऊ, आडवे लांबट. त्यामुळे १७ इंची जुन्या चौकोनी पडद्याची उंची २७ सेंटिमीटर भरते आणि साडेअठरा इंची नव्याची फक्त २३. इंच वाढले आणि उंची चार सेंटिमीटरनी कमी झाली! माझं हेच झालं होतं. जुना १७ इंची काढून ‘मोठा’ घेतला आणि रोज पान वर-खाली सरकवत बसले.

ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. जुना १९ इंची चौकोनी साधारण ३० सेंटिमीटर उंच आहे. नव्यांत तेवढी उंची हवी असेल, तर २४ इंचींशिवाय पर्याय नाही. दुकानात जो ‘२४’ म्हणून मिळतो तो बहुधा २३.८ असतो आणि त्याची उंची २९.६ भरते. सोळास दहा प्रमाणाचा २४ इंची मिळाला तर ३२ सेंटिमीटर. म्हणून घरी १९ इंची चौकोनी असेल आणि तुमचं काम पत्रं, हिशेब, प्रश्नपत्रिका असं उभ्या पानाचं असेल, तर २२ इंची नवा घेऊन तुम्ही उंचीला तोट्यातच जाल. घरातल्या मॉनिटरची उंची आज मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. नवा त्यापेक्षा बुटका नको.

पिक्सेल किती दाट आहेत

दुसरा आकडा काढायलाही सोपा आहे. पडद्याची रुंदी इंचात मोजा आणि आडव्या पिक्सेलच्या संख्येला तिने भागा. २३.८ इंचीची रुंदी पावणेएकवीस इंच, पिक्सेल १९२०, म्हणजे इंचाला सुमारे ९२. माझा साडेअठरा इंची १३६६ बाय ७६८ चा होता. तो इंचाला ८५. साडेएकवीस इंची फुल एचडी (१९२० बाय १०८०) १०२. आणि २७ इंची फुल एचडी? फक्त ८२. म्हणजे एवढा मोठा, महागडा दिसणारा पडदा माझ्या त्या साडेअठरा इंचीपेक्षाही विरळ. २७ इंची घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० चा घ्या, तो १०९ ला जातो. किंवा फोर-के (३८४० बाय २१६०), तो १६३.

इंग्रजी वाचणाऱ्याचं ८५ वर भागून जातं, मराठी वाचणाऱ्याचं भागत नाही. विंडोजमध्ये आकार शंभर टक्के ठेवला, तर बारा पॉइंटच्या अक्षराला सोळा पिक्सेलची उंची मिळते. त्या सोळांत देवनागरीला शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं एवढं सगळं बसवायचं असतं. अनुस्वाराच्या वाट्याला दोन-एक पिक्सेल येतात. शेजारी रफार असला की दोघे एकमेकांत मिसळतात. माझ्या पत्रिकेत नेमकं हेच झालं.

यासाठी मी एक ओळ तयार केली आहे आणि कुठलाही मॉनिटर पाहताना तीच लावते:

आचार्यांनी आचाऱ्यांना सर्वांसमक्ष शाबासकी दिली. दऱ्याखोऱ्यांतून दर्याकडे, घन आणि धन, भार आणि मार, षट्कोन आणि पट्टी.

ही ओळ बारा पॉइंटमध्ये, झूम शंभर टक्के ठेवून उघडा आणि हातभर अंतरावरून वाचा. ‘आचार्यांनी’मधला रफार आणि अनुस्वार वेगळे दिसतात का? ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एका नजरेत निराळे कळतात का? ‘ध’ची गाठ आणि शिरोरेषेतली फट दिसते, की तो ‘घ’ वाटतो? इथे अडखळलात तर बाकी मॉनिटर कितीही चांगला असो, वाचनाच्या कामाला घेऊ नका. सिनेमा आणि क्रिकेट पाहायला तो चालेल, ती गोष्ट वेगळी.

जुन्यांमध्ये काय काय मिळतं

सगळ्यात जुना तो डब्यासारखा, काचेच्या नळीचा सीआरटी. त्याचे रंग आणि काळोख आजही डोळ्यांत भरतात, आणि हलतं चित्र त्यावर इतकं स्वच्छ दिसतं की जुने व्हिडिओ गेम खेळणारे तो मुद्दाम शोधून आणतात. त्यांच्यासाठी एवढंच: रिफ्रेश (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने येतं तो आकडा) ६० हर्ट्‌झवर ठेवू नका, झेपत असेल तर ८५ करा, नाहीतर पांढऱ्या पानावर लुकलुक जाणवते आणि डोकं दुखतं. आणि मागचं झाकण कधीही उघडू नका, प्लग काढला असला तरी. आत हजारो व्होल्टचा भार साठून राहतो. बाकी कुणी आता सीआरटीच्या वाटेला जाऊ नये. टेबल अडतं, उष्णता होते, विजेचा हिशेबही पुढे येईलच.

नंतर आले सपाट एलसीडी. पहिल्या पिढीत पडद्यामागे उजेडासाठी सीसीएफएल, म्हणजे बारीक ट्यूबलाइट असत. २०१० च्या आसपास त्यांची जागा एलईडींनी घेतली. दुकानदार ‘एलईडी मॉनिटर’ म्हणतो तेव्हा बहुधा एवढाच अर्थ असतो: पडदा एलसीडीच, मागचा दिवा एलईडी. ट्यूबवाला ओळखायचा तर मागची पट्टी बघा, तिथे निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं. जाडी आणि वजनावरूनही अंदाज येतो. या ट्यूब तीस ते पन्नास हजार तासांनी निम्म्या उजेडावर येतात आणि पिवळ्या पडतात. कंपनीत रोज दहा तास चाललेला २००८ चा मॉनिटर म्हणजे थकलेला दिवा, हे धरून चाला.

जुन्यांतलं सोनं म्हणाल, तर डिझाइन आणि छपाईच्या कामासाठी बनलेले २४ इंची, १९२० बाय १२०० चे आयपीएस मॉनिटर. आयपीएस म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारं पॅनेल. मोठ्या ऑफिसांनी ते शेकड्यांनी घेतले आणि आता एकदम काढले. त्यांचे स्टँड वर-खाली होतात, पडदा उभा फिरवता येतो. नव्या स्वस्त मॉनिटरांत ही चैन मिळत नाही. एक उणीव मात्र सांगायला हवी: त्यांतल्या काहींवर चकाकी घालवणारा थर इतका खरखरीत असतो, की पांढऱ्या पानावर रवा सांडल्यासारखं दिसतं. काहींना तो खुपतो, काहींच्या लक्षातही येत नाही.

जुना घेताना दुकानात काय करायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नाहीतर गावातला दुरुस्तीवाला, कुठेही जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. लॅपटॉप, त्याची केबल, एक कोरा पांढरा कागद आणि टॉर्च बरोबर घ्या. लॅपटॉपमध्ये पूर्ण पांढरं, पूर्ण काळं आणि करडं अशी तीन चित्रं आणि वरची मराठी ओळ ठेवा. आणि वेळ काढून जा.

माझा आत्ताचा मॉनिटर घेतला तेव्हाचं सांगते. दुकानदार म्हणाले, “ताई, एकदम ओके पीस आहे, ऑफिसचा माल.” सुरू केला तर पडद्यावर लालसर झाक. “दोन मिनिटं थांबा, गरम झाला की जाते.” मी थांबले आणि दहा मिनिटांत झाक खरंच गेली. मग पांढरं चित्र लावलं आणि बरोबर नेलेला कोरा कागद पडद्याला चिकटवून धरला. कागद पांढरा आणि पडदा जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट! नुसत्या डोळ्यांना हे कधी कळलं नसतं, कारण डोळे पाच मिनिटांत पिवळ्यालाच पांढरं मानायला लागतात. मी तो परत दिला. त्याच्या खालचा तिसरा काढला, २४ इंची, सोळास दहा. कागद आणि पडदा जवळजवळ एक. गेली चार वर्षं मी त्याच्यासमोरच बसते आहे.

तेव्हा पहिली गोष्ट, निदान वीस मिनिटं चालू ठेवायला सांगा. सुरू झाल्यावर लालसर झाक, मधेच अंधारणं, आतून बारीक गुणगुण, यांतलं काहीही दिसलं वा ऐकू आलं तर सोडून द्या. पडदा दोन सेकंद उजळून काळा होत असेल, तर टॉर्च तिरकी धरून पाहा. आत चित्र पुसट दिसलं म्हणजे पडदा शाबूत आहे, दिवा किंवा त्याला वीज देणारं सर्किट गेलंय. ‘फक्त कपॅसिटर बदलायचा’ असं सांगून असे मॉनिटर विकतात. दुरुस्ती खरोखर तेवढीच असू शकते, पण ती त्यांनी करावी आणि चालू झालेला मॉनिटर दाखवावा.

पांढऱ्यावर मेलेले पिक्सेल आणि बोटाने दाबल्याचे डाग दिसतात. काळ्यावर, दुकानातला दिवा बंद करायला लावून, कडांमधून गळणारा उजेड दिसतो. करड्यावर एखाद्या सॉफ्टवेअरचा पुसट ठसा उमटलेला सापडतो. बँकांतून आणि काउंटरांवरून निघालेल्या मॉनिटरांवर तो हमखास तपासा. मग खुर्ची सोडून खाली बसा आणि पडद्याकडे वर बघा. रंग उलटे झाले, चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसले, तर पॅनेल टीएन, म्हणजे बघण्याचा कोन बदलला की रंग बदलणारं, आहे. मुलांना शेजारी बसवून शिकवायचं असेल, तर टीएन नको.

ब्राइटनेस अगदी कमी करून पडद्यासमोर पेन्सिल भराभर हलवा. तिची सलग धूसर सावली दिसली तर उत्तम. पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या-सुट्या पेन्सिली दिसल्या, तर दिवा लुकलुकतोय. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांना संध्याकाळपर्यंत कपाळ धरावं लागतं. मीही त्यांतलीच.

निघताना बटणं सगळी दाबून बघा, पाठीमागे भिंतीवरच्या स्टँडसाठी चार भोकं आहेत का पाहा (अंतर बहुधा १०० मिलिमीटर) आणि बाहेरचा अडॅप्टर असेल तर मूळचाच मागून घ्या. कुणाला १२ व्होल्ट लागतात, कुणाला १४, कुणाला १९. तशाच नव्याच्या निम्म्याहून जास्त किंमत सांगत असतील, तर नमस्कार करून बाहेर पडा.

नवा घेताना

इथे पॅनेलचा प्रश्न आता सोपा झालाय. वाचन, लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग, या सगळ्यासाठी आयपीएस. खोली अंधारी ठेवून सिनेमे बघणाऱ्याला व्हीए नावाचं तिसऱ्या प्रकारचं पॅनेल आवडेल, कारण त्याचा काळा रंग जास्त गडद असतो. साधारण आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, हजारास एक, तर व्हीएचा तीन हजारांच्या आसपास. पण बाजूने पाहिलं की व्हीएचे रंग फिकुटतात. टीएन नव्याने विकत घेण्याचं कारण मला दिसत नाही.

ओएलईडीबद्दल हल्ली फार विचारतात. प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो, त्यामुळे काळा रंग खरा काळा, आणि चित्र अप्रतिम. तरीही दिवसभर मजकुरावर काम करणाऱ्याला मी तो सुचवत नाही. खालची टास्कबार, वरचा मेनू तासन्‌तास एकाच जागी राहिले की त्यांचा ठसा पडद्यात कायमचा उतरू शकतो. शिवाय अनेक ओएलईडींत लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असल्याने अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते, आणि आपल्या बारीक मात्रांवर ती जास्तच जाणवते. घेणारच असाल, तर वॉरंटीत ठसा पडणं धरलंय का ते वाचून घ्या.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांपैकी ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ कोटीत असला तरी सोडून द्या. ‘एक मिलिसेकंद’ हा पिक्सेल रंग बदलण्याचा वेग, तो गेम खेळणाऱ्यांसाठी. अडीचशे-तीनशे निट्सच्या (निट्स म्हणजे उजेडाचं माप) पडद्यावर ‘एचडीआर’, म्हणजे उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवणारं चित्र, असं लिहिलेलं असलं, तरी त्यावर एचडीआरची मजा येत नाही. वाचण्यासारखा आकडा रंगांचा आहे. पडदा किती रंग दाखवतो ते एसआरजीबी किंवा एनटीएससी या मापांनी लिहितात. ‘९९ टक्के एसआरजीबी’ असेल तर मुखपृष्ठं, फोटो, साडीच्या दुकानाची जाहिरात, सगळं निभतं. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर रंग फिके. त्यावर केलेलं केशरी छपाईत भलतंच येतं.

केबल आणि तोंडं

मॉनिटर ठरवण्यापूर्वी कॉम्प्युटरच्या पाठीमागे वाकून बघा. निळं, पंधरा पिनांचं तोंड म्हणजे व्हीजीए, १९८७ पासून चालत आलेलं. ते चित्र ॲनालॉग पाठवतं, म्हणून अक्षरांभोवती कधीकधी सावली पडते. जुन्या मॉनिटरला व्हीजीए आणि डीव्हीआय दोन्ही असतील, तर डीव्हीआय वापरा, ते चित्र डिजिटल पाठवतं. साध्या डीव्हीआयवर १९२० बाय १२०० पर्यंत आरामात मिळतं. डीव्हीआय-एचडीएमआय केबल साधी, स्वस्त आणि दोन्हीकडून चालते. व्हीजीएचं तसं नाही. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर वेगळा आणि व्हीजीएचं एचडीएमआय करणारा वेगळा; ते उलटे चालत नाहीत. दुकानात ‘लॅपटॉपला एचडीएमआय आहे, मॉनिटरला व्हीजीए’ असं पूर्ण वाक्य सांगा. व्हीजीएवरच भागवायचं असेल, तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण मजकुराने भरलेलं पान उघडून दाबा. बरीच सावली जाते.

फोर-के घेणाऱ्यांनो, लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल तर त्यावर फोर-के फक्त ३० हर्ट्‌झने चालतं आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर ६० मिळतात.

वीज किती वाचते

‘जुना वीज खातो’ हे सरसकट सांगितलं जातं, म्हणून आकडे मांडते. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे २४०० तास. सीआरटी ९० वॅट धरला तर २१६ युनिट. ट्यूबवाला १९ इंची एलसीडी ३८ वॅटचा, ९१ युनिट. नवा २४ इंची एलईडी २० वॅटचा, ४८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले, तर सीआरटी काढून वर्षाला १,६८० रुपये वाचतात. जुना एलसीडी काढून जेमतेम ४३०. तेव्हा सीआरटी विजेसाठी जरूर काढा, पण धड चालणारा एलसीडी केवळ विजेच्या नावाखाली काढू नका.

घरी आणल्यावर

पार्सलने मागवला असेल तर खोकं फोडताना मोबाइलवर सलग चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी पांढरं-काळं-करडं तपासा. परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल टाकू नका.

रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच ठेवा. अक्षरं बारीक वाटली की अनेकजण रिझोल्यूशन कमी करतात, त्याने सगळंच धूसर होतं. त्याऐवजी विंडोजमध्ये स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के करा. २७ इंची फोर-केला दीडशे टक्के छान बसतं. मग क्लिअरटाइपची (विंडोजमधली अक्षरं स्पष्ट करणारी सोय) मांडणी एकदा करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. तिथे नमुने इंग्रजी दिसतात, म्हणून ते आटपलं की आपली आचार्यांची ओळ पुन्हा उघडून खात्री करा.

नव्या मॉनिटरचा ब्राइटनेस बहुतेक वेळा फार जास्त ठेवलेला असतो. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा आणि दोघांचा उजेड सारखा वाटेपर्यंत कमी करत या. संध्याकाळी ट्यूबलाइट लावल्यावर पुन्हा एकदा करा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जरा खाली. बायफोकल चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर मान वर करून करून दुखते. खिडकी पाठीमागे नको, बाजूला असू द्या.

जुना चौकोनी एलसीडी चालू असेल तर काढायची घाई करू नका. माझ्या डाव्या हाताला जुना १७ इंची अजून आहे. त्यावर मूळ हस्तलिखिताचं स्कॅन उघडते आणि मोठ्यावर टाइप करते. सीआरटी मात्र भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, आणि जुन्या एलसीडीच्या ट्यूबांत थोडा पारा. फोडून तांबं काढणारा माणूस आणि त्याची पोरं ते श्वासावाटे घेतात. ई-कचरा परवानाधारक केंद्रातच जायला हवा. काही नगरपालिका आणि गृहनिर्माण संस्था ई-कचऱ्याचं संकलन ठेवतात, त्या दिवशी तो न फोडता, अखंड नेऊन द्या.